राज्य कोणाचे? : वऱ्हाडच्या पट्ट्यातील काही शब्द

शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'राज्य' या संस्थेची चार अंगे सांगितलेली असतात : भूप्रदेश, लोकसंख्या, शासन आणि सार्वभौमत्व. पहिली तीन विद्यार्थ्याला समजावून द्यावी लागत नाहीत. जमीन दिसते, माणसे दिसतात, तहसील कचेरी आणि पोलीस ठाणे तर नको असतानाही दिसते. चौथे अंग मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बहुतेक विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. जेथे ही चारही अंगे एका घरी सुखाने नांदतात तेथे चौथ्याची वेगळी जाणीव होण्याचे कारणच नसते. दुखू लागल्यावाचून आपल्याला शरीराच्या अवयवाची तरी कोठे आठवण होते?

आपल्या महाराष्ट्रातच एक प्रदेश असा होता, की जेथे हे चौथे अंग जवळजवळ शंभर वर्षे दुखत राहिले. तो प्रदेश म्हणजे वऱ्हाड, आणि बुलढाणा हा त्याचा पश्चिमेकडचा जिल्हा. १९१० साली मेहकरच्या एखाद्या शेतकऱ्याला कोणी विचारले असते, 'बाबा, तुमच्यावर राज्य कोणाचे?', तर त्याने निःशंकपणे उत्तर दिले असते, 'इंग्रज सरकारचे.' साराबंदी त्यांची, पटवारी त्यांचा, तहसीलदार त्यांचा, तुरुंगही त्यांचाच. हाच प्रश्न लंडनच्या एखाद्या कायदेपंडिताला विचारला असता तर त्याने करारनामे चाळून सांगितले असते, की हा शेतकरी राहतो ती भूमी हैदराबादच्या निजामाची आहे आणि इंग्रज तेथे पट्टेदार आहेत. दोघांचीही उत्तरे बरोबर होती. ती एकाच वेळी बरोबर कशी असू शकतात, हे पाहण्यासारखे आहे. कारण संविधानशास्त्रातले बहुतेक मूलभूत शब्द या एका जिल्ह्याच्या इतिहासात भेटतात.

पहिला शब्द 'सनद'. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे या भागातले मातब्बर देशमुख. त्यांचा अधिकार मोठा होता, फौज होती, वतन होते. पण ते वतन दुसऱ्याने दिलेल्या कागदावर उभे होते. देणारा रुष्ट झाला म्हणजे काय होते हे १६२९ साली दिसले. दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजींचा त्यांच्या पुत्रांसह घात झाला. त्यांची कन्या जिजाबाई आणि तिचा पुत्र शिवाजी यांनी या घटनेतून काय बोध घेतला हे कागदोपत्री नोंदलेले नाही. परंतु १६७४ साली रायगडावर झालेला राज्याभिषेक संविधानाच्या भाषेत वाचला तर त्याचा अर्थ स्वच्छ आहे. त्या दिवसापर्यंत भोसले कुळ सनदा घेत होते, त्या दिवसापासून ते सनदा देऊ लागले. सार्वभौम कोण, याची याहून सोपी ओळख नाही : जो अधिकार देतो, पण ज्याला तो कोणाकडून घ्यावा लागत नाही, तो. महाराजांनी त्यानंतर 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तोही याच हेतूने. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. आज मंत्रालयात मंत्री आणि सचिव शेजारशेजारच्या दालनांत बसतात. शब्द तेच राहिले, कामे बदलली.

दुसरा प्रसंग सिंदखेडपासून जवळच घडला. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला. मुबारिझखानाला दिल्लीच्या बादशहाची आतून फूस होती. म्हणजे ही लढाई एका अर्थी सुभेदाराची स्वतःच्या धन्याशीच होती. निजामाने जिंकल्यावर काय करावे? त्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले, आणि शत्रूचे शिर मुजऱ्यासह बादशहाकडे पाठवून दिले, जणू बादशहाच्याच बंडखोराचा बंदोबस्त केला! बादशहानेही मुकाट्याने पुढच्या वर्षी त्याला 'आसफजाह' ही पदवी दिली. हैदराबादचे राज्य येथून सुरू झाले असे इतिहासकार मानतात. पण निजामाने स्वतःला राजा म्हणून कधी घोषित केले नाही. तो कायद्याने दख्खनचा सुभेदारच राहिला आणि त्याच्या टाकसाळीतली नाणी १८५७ च्या उठावापर्यंत मोगल बादशहाच्याच नावाने पडत राहिली. कायद्याने एक आणि वस्तुतः दुसरे, हा जो भेद पुढे वऱ्हाडच्या नशिबी आला, त्याचा पहिला धडा निजामाच्याच घराण्याने साखरखेर्ड्याच्या मैदानात गिरवला होता. पुढे तोच धडा त्यांच्यावर उलटला, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणावा लागेल.

त्यानंतर वऱ्हाडात 'दोअमली' आली. कायद्याने सुभा निजामाचा. पण चौथाई, सरदेशमुखी, घासदाणा अशा नावांनी वसूल नागपूरकर भोसल्यांचे. एकाच खेड्यात दोन धन्यांचे दोन कमाविसदार. या दोअमलीचा शेवट कसा झाला हे वसईकर वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौज पत्करली. तो तह शिंदे-भोसल्यांना मानवला नाही. युद्ध पेटले, २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या आणि नोव्हेंबरात वऱ्हाडातील आडगावच्या लढाईत मराठे हरले. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला आणि इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या पदरात टाकला. वसईच्या किल्ल्याच्या छायेत झालेल्या एका सहीने बुलढाण्याच्या पटवाऱ्याचा धनी ठरला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

'तैनाती फौज' हा शब्द आपण शाळेत शिकतो, पण त्यातली मेख फौजेत नसून तिच्या पगारात असते. निजामाने १७९८ व १८०० च्या तहांनी कंपनीची फौज ठेवून घेतली होतीच. त्याशिवाय हैदराबाद कंटिंजंट म्हणून आणखी एक फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि खर्च निजामाचा. खर्च थकू लागला, कंपनीने उचल दिली, उचलीवर व्याज चढले. सावकाराच्या वहीचा हा हिशेब वऱ्हाडातल्या कुणब्याला नव्याने समजावून देण्याची गरज नाही. २१ मे १८५३ रोजी रेसिडेंट कर्नल लो यांनी निजाम नासिर-उद्-दौला यांच्याकडून तह करून घेतला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी रेसिडेंटच्या कारभारात द्यावयाचे, त्याने दरसाल हिशेब दाखवायचा आणि उरेल तो वसूल निजामाला द्यायचा. कागदावर हे 'नेमून दिलेले जिल्हे' होते. लोक सरळ म्हणत, वऱ्हाड गहाण पडला. कायद्याच्या दृष्टीने लोकांचा शब्द फारसा चुकीचा नव्हता.

१८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याचे बक्षीस म्हणून २६ डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूरचा दुआब परत मिळाले, सुरपूरचे संस्थान मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाला नाही. तो इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून राहील असे ठरले, आणि हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क याच तहात सोडून देण्यात आला. हिशेब न देणारा विश्वस्त! पण कारभार जोमाने चालला हे कबूल केले पाहिजे. प्रारंभी वऱ्हाडचे दोनच जिल्हे होते, उत्तरेचे ठाणे बुलढाणा आणि दक्षिणेचे हिंगोली. १८६४ मध्ये नैर्ऋत्य वऱ्हाड म्हणून एक जिल्हा वेगळा निघाला, तो काही काळ मेहकर जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि शेवटी त्याला बुलढाण्याचे नाव मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, खामगावची कापसाची पेठ जगाला माहीत झाली, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव आगगाडीच्या उद्‌घाटनाला आले. ज्याच्या भूमीवरून ती गाडी धावणार होती तो भूमिपती त्या वेळी हैदराबादेस अज्ञान बालक होता.

त्या बालकाचा, म्हणजे मीर महबूब अली खानांचा कारभार पाहणारे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवण्याचा ध्यास घेतला. फौजेच्या खर्चासाठी जिल्हे दिले आहेत ना, मग त्या खर्चाची सोय आम्ही ठेव ठेवून करून देतो, तुम्ही जिल्हे सोडा, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. ते १८७६ मध्ये विलायतेलाही जाऊन आले. उत्तर मिळाले ते असे, की निजाम वयात आल्यावर पाहू. निजाम १८८४ मध्ये वयात आले. पाहण्याचे राहून गेले. सालारजंग त्याआधीच, १८८३ मध्ये वारले होते.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस गेले. मार्चअखेर निजामाशी त्यांची खाजगी भेट झाली आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. छपन्नच्या दुष्काळाचा खर्च वऱ्हाडच्या खात्यावर मांडलेला असल्याने पुढची कित्येक वर्षे शिलकीतून दमडीही हाती लागणार नाही, हे निजामाला पटवून देण्यात आले होते. करारात दोन कलमे महत्त्वाची. एका कलमाने वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व इंग्रजांनी नव्याने मान्य केले. दुसऱ्या कलमाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला, वार्षिक खंड पंचवीस लाख रुपये. १ ऑक्टोबर १९०३ पासून हा प्रांत नागपूरच्या चीफ कमिशनरकडे गेला. निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला, आणि हैदराबादच्या विनोदी माणसांनी त्या तीन अक्षरांचा विस्तार केला : 'गेव्ह कर्झन बेरार'.

'कायमचा पट्टा' हा शब्दप्रयोग क्षणभर थांबून पाहिला पाहिजे. शेत मक्त्याने दिले तर मुदत संपल्यावर मालक ते परत घेऊ शकतो. म्हणून तर तो मालक. मुदतच नसेल, मक्तेदाराला काढता येत नसेल, शेतात काय पेरावे हे सांगता येत नसेल, तर मालकाकडे उरते काय? उरते सातबाऱ्यावरचे नाव आणि वर्षाचा खंड. 'सार्वभौम' या संस्कृत शब्दाचा अर्थ सर्व भूमीचा स्वामी. वऱ्हाडच्या सर्व भूमीच्या स्वामीला चिखलीच्या एका शेताचा सारा कमी करण्याचा अधिकार नव्हता.

हा प्रकार केवळ हिंदुस्थानात घडला असे नाही. त्या काळातल्या साम्राज्यांना ही युक्ती फार आवडत असे. १८७८ मध्ये बोस्निया-हर्झेगोविना ऑस्ट्रियाने कारभारासाठी घेतला, सार्वभौमत्व तुर्की सुलतानाचे ठेवून. त्याच वर्षी सायप्रस बेट इंग्रजांनी त्याच अटीवर घेतले. बेटाचे शिलकी उत्पन्न सुलतानाच्या नावे मांडले जाई आणि त्याच्या जुन्या कर्जाच्या व्याजात वळते होई. वऱ्हाडच्या पंचवीस लाखांचा मोठा भागही पहिली कित्येक वर्षे असाच कर्जफेडीत कापला गेला. वऱ्हाडच्या करारानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०३ मध्ये, क्यूबाने ग्वांटानामोचा किनारा अमेरिकेला मुदतीवाचून भाड्याने दिला : अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचे, संपूर्ण ताबा अमेरिकेचा. शंभर वर्षांनी त्या जागी डांबलेल्या कैद्यांना न्यायालयात दाद मागता येईल का, असा प्रश्न निघाला. भूमी आमची नाही, तेव्हा आमचे संविधान तेथे लागू नाही, असे अमेरिकेच्या सरकारचे म्हणणे होते. ते सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली फेटाळले. असल्या शब्दांचा काथ्याकूट पंडितांनी करावा असे ज्यांना वाटते त्यांनी त्या कैद्यांचा विचार करावा.

वऱ्हाडातही हा काथ्याकूट सामान्य माणसाच्या दारापर्यंत पोहोचला होता. वऱ्हाड कायद्याने 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हे. म्हणून कलकत्त्याच्या वा दिल्लीच्या विधिमंडळाने केलेला कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. तो गव्हर्नर जनरलने वेगळ्या जाहीरनाम्याने लागू करावा लागे, आणि हा अधिकार त्याला मिळाला होता तो परकीय मुलखांतील अधिकारक्षेत्राविषयीच्या विलायती कायद्याखाली. चीनच्या बंदरांतील इंग्रज वकिलातींची न्यायालये ज्या कायद्याच्या आधारे चालत, त्याच कायद्याखाली मलकापूर आणि खामगावचा कारभार चालत होता. यातून कधी चांगलेही निष्पन्न झाले. वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी १८९७ मध्ये जो कायदा लागू झाला तो हिंदुस्थानातला अशा प्रकारचा पहिला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे. वजनात आणि अडतीत होणारी शेतकऱ्याची नागवणूक थांबावी म्हणून केलेला हा कायदा. पण तो कोणत्याही विधिमंडळात मांडला गेला नाही, त्यावर चर्चा झाली नाही, कोणी मत दिले नाही. चांगला कायदा आणि लोकांचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुलढाण्याला पहिली मिळाली, दुसरीसाठी थांबावे लागले.

मताधिकाराची कथा तर याहून विलक्षण. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे. पोलीस, जमीनमहसूल ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. नागपूरच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडलाही जागा मिळाल्या. वऱ्हाडच्या मतदारांनी रीतसर मते दिली, ती मोजली गेली, माणसे निवडून आली. आणि मग अडचण उभी राहिली. निजामाच्या भूमीवरचा मतदार ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळात सदस्य 'निवडून' कसा देणार? तोड निघाली ती अशी, की वऱ्हाडने निवडलेल्या माणसाला सरकारने 'नामनियुक्त' करावे. वऱ्हाडच्या मतदाराचे मत कायद्याच्या दृष्टीने मत नसून शिफारस ठरले. वरिष्ठ सभागृहात दादासाहेब खापर्डे आणि मध्यवर्ती असेंब्लीत लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखी लोकांनी डोक्यावर घेतलेली माणसे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसली ती याच पद्धतीने. सरकारवर कोरडे ओढणारे अणे कागदोपत्री सरकारनियुक्त! संसदीय इतिहासात याला तोड सापडणे कठीण.

महबूब अली खानांनंतर गादीवर आलेले मीर उस्मान अली खान वडिलांइतके भिडस्त नव्हते. ऑक्टोबर १९२३ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील जनतेला आपण संविधान देऊ, जबाबदार राज्यपद्धती देऊ, असेही आश्वासन त्यांनी दिले. 'जबाबदार राज्यपद्धती' म्हणजे मंत्रिमंडळ लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असणे. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांना त्या आश्वासनाचा मोह पडला नाही, आणि त्यांचे कारण साधे होते. देऊळगावराजाची वेस ओलांडली की जालन्याचा मुलूख लागतो. तोही निजामाचाच. तेथे ही जबाबदार राज्यपद्धती कोणी पाहिली होती?

रीडिंगसाहेबांनी नकार दिला. निजामाने १९२५ मध्ये उलट लिहिले, की परराष्ट्रीय व्यवहार सोडले तर आपण आणि ब्रिटिश सरकार समान पातळीवर आहोत, तेव्हा या वादात एकाच पक्षाने निर्णय देणे योग्य नव्हे. त्यावर २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉयचे जे उत्तर गेले ते हिंदुस्थानच्या संविधानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा मथितार्थ असा : ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे; तिची श्रेष्ठता केवळ तहांवर अवलंबून नाही, तहांच्या पलीकडे ती स्वयंसिद्ध आहे; म्हणून कोणाही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. यालाच 'अधिसत्ता' म्हणतात. सर्व संस्थानिक या पत्राने हादरले. त्यांच्या मागणीवरून १९२७ मध्ये सर हारकोर्ट बटलर यांची समिती नेमली गेली आणि तिने १९२९ मध्ये अधिसत्तेची व्याख्या करण्याचेच नाकारले. ती सर्वश्रेष्ठ राहिली पाहिजे, एवढेच सांगितले. ज्या सत्तेची व्याख्या करता येत नाही तिला मर्यादाही घालता येत नाही, ही गोष्ट त्या समितीला चांगली ठाऊक असावी.

पुढे संघराज्याच्या योजनेत निजामाची गरज भासू लागली आणि सूर बदलला. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारान्वये निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा एकदा मान्य झाले, त्यांच्या किताबात हैदराबादपुढे 'व बेरार' ही अक्षरे आली, युवराज आझमजाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाले, वऱ्हाडात इंग्रजी निशाणाबरोबर आसफजाही निशाण फडकवण्याची मुभा मिळाली, आणि नागपूरच्या गव्हर्नरच्या नेमणुकीपूर्वी निजामाचे मत विचारण्याचे ठरले. कारभारात मात्र काडीचा फरक पडला नाही. १९३५ च्या कायद्याने वऱ्हाड व मध्यप्रांत हे एकच प्रांत 'समजण्यात येतील' असे म्हटले होते. कायद्यातला हा 'समजण्यात येईल' फार कामाचा शब्द. नसलेली गोष्ट आहे असे धरून चालण्याची ती परवानगी असते. त्या एका शब्दाने १९३७ च्या निवडणुकीत वऱ्हाडचा मतदार खरोखरचा मतदार झाला, आणि त्याची भूमीही निजामाचीच राहिली.

१८५३, १८६०, १९०२ आणि १९३६. चार वेळा वऱ्हाडचे भवितव्य ठरले आणि चारही वेळा वऱ्हाडच्या एकाही माणसाला विचारले गेले नाही. सार्वभौमत्व राजाचे की लोकांचे, हा वाद युरोपात फ्रेंच राज्यक्रांतीपासून पेटलेला होता. पण येथे दोन्ही पक्ष राजांचेच होते आणि लोक ही करारातली मालमत्ता होती. दोघांपैकी इंग्रजांचा कारभार अधिक नेटका होता म्हणून त्यांची बाजू अधिक न्याय्य होती, असे म्हणण्याची काही अभ्यासकांची प्रवृत्ती दिसते. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने जाहीर केले, की इंग्रजांची अधिसत्ता संपताच आपण स्वतंत्र होऊ. स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांशी झालेले तह संपुष्टात येत होते. मग वऱ्हाडचा पट्टाही संपला आणि जमीन मालकाकडे गेली, असा दावा कायद्याच्या शब्दाला धरून करता येण्याजोगा होता. वऱ्हाडात त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जी अस्वस्थता होती ती यामुळे. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, रामराव देशमुख प्रभृती मराठी पुढारी अकोल्यास जमले आणि संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, असा करार त्यांनी केला. अकोला कराराची चर्चा सहसा भाषावार प्रांतरचनेच्या संदर्भात होते. पण निजामाचे वऱ्हाडवरचे डोळे ध्यानात घेतल्यावाचून त्या करारातली घाई उलगडत नाही. प्रत्यक्षात १५ ऑगस्टनंतरही वऱ्हाड नागपूरच्या प्रांतिक सरकारकडेच राहिला. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने एक वर्षाची उसंत मिळाली आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने प्रश्नच संपवला. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताचे संविधान हैदराबादसाठी स्वीकारले.

२६ जानेवारी १९५० ला बुलढाणा 'अ' वर्गातील मध्य प्रदेश राज्यात होता, शेजारचा जालना 'ब' वर्गातील हैदराबाद राज्यात. तेथे निजाम राजप्रमुख होते, परंतु आता राष्ट्रपतींच्या मान्यतेने आणि संविधानाच्या अधीन राहून. घराण्याच्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात ते पुन्हा सनद घेणारे झाले. १९५१-५२ च्या निवडणुकीत बुलढाणा-अकोला या जोड मतदारसंघाने लोकसभेत दोन सदस्य पाठवले, आणि त्यांना कोणी नामनियुक्त करावे लागले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने 'अ' आणि 'ब' हे वर्ग गेले, राजप्रमुख गेले, आणि बुलढाणा व जालना दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. १ मे १९६० पासून दोन्ही महाराष्ट्रात आहेत. विदर्भाची वेगळी चूल असावी की नसावी हा वाद फाजलअली आयोगाच्या १९५५ च्या अहवालापासून चालत आला आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय होईल.

किताब मात्र भूमीपेक्षा चिवट ठरले. 'प्रिन्स ऑफ बेरार' आझमजाह यांना ना वऱ्हाडवर राज्य करता आले, ना हैदराबादवर. पित्याने १९५४ मध्ये त्यांना डावलून नातवाला वारस नेमले. ते १९७० मध्ये वारले. पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले. आझमजाह यांच्या पत्नी दुर्रूशेहवार या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या. वऱ्हाडच्या राजकन्या म्हणून त्यांची जगभर ख्याती होती. ७ फेब्रुवारी २००६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख 'प्रिन्सेस ऑफ बेरार' असाच केला.